दोनशे चौदा सह्या

आमच्या कारखान्यात दोन प्रकारची माणसं आहेत. काम करणारी, आणि झालेलं काम बघणारी. मी दुसऱ्यांतला. करणाऱ्याच्या मागे उभं राहायचं, त्याने बोल्ट आवळला की तो आवळताना बघायचा आणि कागदावर त्याच्या सहीखाली आपली सही ठोकायची, हे माझं काम. म्हणून कारखान्यात मला सगळे ‘दुसरी सही’ म्हणतात, तेही तोंडावर. बायको तेवढी म्हणत नाही. आमच्या घरात पहिली सही झाली की दुसरीची गरज पडत नाही.

हा दोन सह्यांचा नियम काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. सात देश मिळून वर एक अंतराळ स्थानक जोडतायत. कुणी राहायचे डबे बनवतं, कुणी उन्हातून वीज घेणारे पंख, कुणी पाणी गाळायची यंत्रं. आमच्या वाट्याला आलंय एक कडं. डब्याच्या तोंडावर बसणारं, माणूस वाकून आत शिरेल एवढं, आणि त्याच्या काठाने सोळा खिट्ट्या. पुढचा डबा येऊन टेकला की सोळाच्या सोळा खिट्ट्या एकदम मिटतात आणि त्याला घट्ट धरून ठेवतात. पंधरा मिटल्या आणि एक राहिली, तर ओढ वाकडी पडते, मधलं रबर नीट दबत नाही, आणि आतली हवा फटीतून बाहेर जायला लागते. वर सहा माणसं राहतात. त्यांची सगळी हवा आतच असते.

गंमत अशी की आमचं कडं आणि पुढच्या डब्याचं तोंड, दोघांची जमिनीवर कधी नजरानजरसुद्धा झालेली नसते. ते बनतं समुद्रापलीकडे, आमचं बनतं इथे. पहिली भेट थेट वर. अशा जोडणीत समोरच्याच्या शब्दावर भरवसा ठेवावाच लागतो, फक्त तो शब्द कागदावर घेतलेला बरा. म्हणून एक सही करणाऱ्याची, एक स्वतःच्या डोळ्यांनी बघणाऱ्याची.

करणारा म्हणजे पानामास्तर. हातात पाना घेऊनच तो जन्माला आला असावा असं त्याच्याकडे बघून वाटतं. एकोणीस वर्षं तो आवळत होता आणि मी बघत होतो. आमचं सगळं अरेतुरेत चालायचं. मी मागून ओरडायचो, “अरे, वाकडा बसलाय तो, काढ परत!” तो वळूनही न बघता म्हणायचा, “नुसतं बघायचा पगार घेणाऱ्यांनी जरा हळू बोलावं.” पण काढायचा. काढून परत बसवायचा.

दहा महिन्यांपूर्वी माझ्या मुलीने त्याच्या मुलाशी लग्न केलं. दोघांनी आपलंआपण जमवलं. आम्हा दोघांना कळलं तेव्हा तारीखही ठरून गेली होती. एका दिवसात ‘तो’चे ‘ते’ झाले आणि ‘अरे’चं ‘अहो’. माझा एकोणीस वर्षांचा पानामास्तर माझा व्याही झाला.

लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी मी नेहमीसारखा त्यांच्या मानेमागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी वळून पाहिलं, हसले आणि म्हणाले, “अहो व्याही, उभे काय राहिलात? बसा की!” कुणीतरी स्टूल सरकवलं. मी बसलो. बसल्यावर दिसते फक्त पाठ. तरी पहिला आठवडा मी मान लांब करकरून बघत होतो. मग एक बोल्ट मला जरा तिरका वाटला. ‘अहो, तो जरा...’ एवढं तोंडात आलं आणि तिथेच विरघळलं. आपली मुलगी ज्यांच्या घरात सकाळी उठून वावरते, त्यांना दहा माणसांत ‘वाकडा बसलाय’ कसं म्हणायचं? मुलीच्या बापाची जीभ अशा वेळी टाळ्याला चिकटते. तो बोल्ट त्यांनी स्वतःच परत बसवला, पण मला मात्र धडा मिळाला. बघितलंच नाही तर बोलायची वेळच येत नाही.

त्यानंतर मी स्टूल किंचित भिंतीकडे फिरवून बसायला लागलो. भिंतीवर आग विझवायच्या नळकांड्याची सूचना लावलेली आहे, सात ओळींची. आज ती मला खालून वर म्हणता येते. मागून आवाज यायचा, “झालं हो व्याही.” मी वळायचो, कागद घ्यायचो, सही करायचो. आमच्याइतकं सलोख्याचं काम साऱ्या कारखान्यात कुणाचं नव्हतं.

करणारा आणि बघणारा एकमेकांचे नातेवाईक नसावेत, असंही नियमात आहे. त्यासाठी वर्षाला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलं असे चौकोन आहेत. व्याह्याला चौकोन नाही. ज्या सात देशांनी फॉर्म बनवला, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे हे नातंच नसावं. मी सगळ्या चौकोनांत ‘नाही’ लिहिलं आणि त्या फॉर्मचे मनातल्या मनात आभार मानले.

कडं तयार झालं, डब्यावर बसलं, डबा वर गेला. चार महिने झाले त्याला. मागच्या बाजूने तो स्थानकाला जोडलाही गेला. आमचं कडं पुढच्या तोंडाला, गोल झाकणाखाली, पुढच्या डब्याची वाट बघत होतं.

त्या सोमवारी मी जेवणाचा डबा उघडून बसणार तेवढ्यात भांडार सांभाळणाऱ्या बाई आल्या. त्यांना आम्ही मोजणीबाई म्हणतो. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती.

“दुसरी सही, जेवण नंतर. आधी हे मोजा.”

पिशवीत पिना होत्या. बोटभर लांब, प्रत्येकीला लाल फीत. प्रवासाच्या हादऱ्यांत खिट्ट्या आपोआप मिटू नयेत म्हणून कारखान्यात प्रत्येक खिट्टीत एकेक पिन घालतात, आणि झाकण लावण्याआधी सगळ्या काढून घेतात. पिना पलीकडच्या देशाच्या मालकीच्या. पुढच्या कड्यासाठी त्या परत पाठवायच्या होत्या.

मी मोजल्या. पंधरा.

“मीही पंधराच मोजल्या,” मोजणीबाई म्हणाल्या. “तीनदा. कागदावर सोळा काढल्या असं लिहिलंय, खाली तुमची लफ्फेदार सही आहे. आता सोळावी काय अंडी घालायला गेली?”

“पडली असेल कुठेतरी. टेबलाखाली वगैरे.”

“मग शोधा. माझ्या भांडारातून वस्तू पडत नाहीत, लोकांच्या हातून पडतात.”

मी शोधली. टेबलाखाली, कपाटामागे, कचऱ्याच्या टोपलीत. गुडघे काळे झाले. लोकांना वाटलं मी अंगठी शोधतोय. पण शोधताना मला पक्कं ठाऊक होतं की पिन तिथे नाही. त्या दिवसाचं मला सगळं आठवत होतं: नळकांड्याची सूचना, तिसऱ्या ओळीतली छपाईची चूक, मागून आलेलं “झालं हो व्याही”. फक्त पिना काढताना पाहिल्याचं आठवत नव्हतं. आठवणार कसं?

आणि गुरुवारी जोडणी होती. पुढचा डबा दोन दिवसांपूर्वीच वर सोडलेला होता. रिकामाच, माणसं नसलेला. तो स्थानकाच्या मागोमाग तरंगत होता, आणि वाट बघत थांबायला त्याच्याकडे पंधरा दिवसांचं इंधन होतं.

दुपारच्या चहाच्या सुटीत व्याही बाकावर बसून पाना पुसत होते. मी शेजारी बसलो.

“व्याही, त्या दिवशी पिना काढल्यात ना... सोळाही काढल्या होत्या ना?”

त्यांनी पुसणं थांबवलं. “तुम्ही होतात की तिथे.”

“होतो.”

“मग?”

 मी म्हणालो, “पिशवीत पंधराच आहेत.”

 ते पाना पुन्हा पुसायला लागले, पुसलेलाच. “तुमची सही आहे ना कागदावर? म्हणजे तुम्ही बघितलंय. म्हणजे सोळा निघाल्या. दोन महिन्यांनी मी घरी बसणार आहे, व्याही. एकोणचाळीस वर्षांत माझ्या कामाकडे कुणी बोट दाखवलेलं नाही.” आणि उठता उठता, नेहमीच्याच मोकळ्या आवाजात, “सूनबाई रविवारी तुम्हा दोघांना जेवायला बोलावणार आहे. याल ना?”

धमकी नव्हती ती. तेवढा खोटेपणा त्यांच्या मनात नाही. साधं आमंत्रण होतं. त्यामुळेच त्याला नाही म्हणता येईना.

संध्याकाळी मी मुलीला फोन केला. सगळं सांगितलं. पुढे म्हणालो, “मी उद्या सांगितलं तर तुझ्या सासऱ्यांची शेवटच्या दोन महिन्यांत बेअब्रू होईल. तुला त्या घरात राहायचंय. तू म्हणशील तसं करतो.”

पलीकडे नळ चालू होता, तो तिने बंद केला.

“बाबा, तुम्ही मला विचारताय, का माझ्यामागे लपताय?”

“अगं, तुझ्या काळजीने—”

“माझं इथे नीट चाललंय. नीट चालायला तुमची सही लागत नाही.” मग आवाज जरा खाली आला. “पण तुम्ही त्यांच्या कामाकडे बघतच नव्हतात? दहा महिने? माझ्यामुळे?”

“तुझ्यामुळे नाही गं. मर्यादा म्हणून.”

“माझं नाव त्यात घालू नका,” ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी सकाळी मोठ्या साहेबांच्या दारात मी त्यांच्याही आधी जाऊन उभा होतो. साहेबांनी ऐकून घेतलं, मग खुर्चीत बसले आणि मग पुन्हा उभे राहिले. दुपारी पडद्यावर सात देशांची माणसं चौकोनाचौकोनांत येऊन बसली. आमच्या बाजूला साहेब, मी, माझ्या शेजारी व्याही, आणि एक दुभाषी बाई. प्रमुख होते एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. कुठल्या देशाचे ते सांगत नाही. त्या देशाचा यात काही दोष नाही.

आधी व्याह्यांना पिनांच्या पानावरचा तपशील वाचायला सांगितला. त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. “चष्मा आणला नाही,” म्हणाले. मीच वाचलं. त्यांची सही, माझी सही, सोळा.

मग प्रमुख माझ्याकडे वळले. मी पाहिलं नव्हतं, ते का?

“ते माझे व्याही आहेत,” मी म्हणालो.

दुभाषी बाई थांबल्या. “मुलीच्या नवऱ्याचे वडील, असं सांगते,” त्या मला हळूच म्हणाल्या आणि तसं सांगितलं. पडद्यावरच्या चेहऱ्यांत काही फरक पडला नाही. मग काय झालं, असं ते चेहरे म्हणत होते. मी समजावायला गेलो: मुलीचा बाप, मान ठेवावा लागतो, मागे उभं राहून चुका काढणं बरं दिसत नाही. बाई भाषांतर करत होत्या आणि माझंच म्हणणं त्यांच्या तोंडून मला लहान लहान होत जाताना ऐकू येत होतं, भाषा न समजताही.

पांढऱ्या केसांचे गृहस्थ काहीतरी बोलले. बाई अडखळल्या.

“सांगा ना,” साहेब म्हणाले.

“ते म्हणतायत, वर सहा माणसं आहेत. त्यांचा मान कुणी ठेवायचा?”

मी मान खाली घातली. तेवढ्यावर सुटेन असं वाटलं होतं. कबुली दिली, शिव्या खाल्ल्या, संपलं. पण गृहस्थांनी आणखी एक प्रश्न विचारला, अगदी शांतपणे, आणि या वेळी बाई अडखळल्या नाहीत.

“अशा न पाहता केलेल्या सह्या एकूण किती?”

मला आकडा माहीत होता. आदल्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर मी सगळ्या पानांच्या नकला काढून मोजला होता. ‘फक्त हीच एक’ असंही म्हणता आलं असतं. त्यांना तपासायला काही साधन नव्हतं. एका पिनेचं बोलून मी सहा माणसं वाचवणार होतोच, आणि शेजारी बसलेल्या माणसाची एकच चूक जगासमोर आली असती. एक चूक कुणाचीही होते.

“दोनशे चौदा,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “दोनशे?”

“दोनशे चौदा. एकशे एकतीस वर गेलेल्या कामावर. बाकी इथे, सुट्या भागांवर.”

व्याही माझ्याकडे वळले. पडद्यासाठी नाही, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “सगळं? माझं सगळं काम?”

दोनशे चौदा वेळा त्या माणसाने काम केलं होतं, आणि मी एका वाक्यात ते सगळं न झाल्यासारखं करून टाकलं. नियम तसाच आहे. दुसरी सही खोटी ठरली की पहिलीलाही किंमत राहत नाही.

जोडणी पुढे ढकलली. सात देशांची माणसं रात्रंदिवस पाळ्या लावून आमच्या कामाच्या मागे लागली. वरच्या माणसांनी आतून भिंतींना हात लावून, दाब मोजून, कॅमेरे फिरवून एकशे एकतीस जागा तपासल्या. इथे खाली बाकीच्या त्र्याऐंशी जागा परक्या तंत्रज्ञांनी येऊन उघडल्या. पानामास्तरांच्या टेबलावर दुसऱ्याच लोकांची हत्यारं मांडलेली होती. व्याही रोज वेळेवर यायचे, स्टुलावर बसायचे, हात मांडीवर. माझं स्टूल होतं ते. मी उभा राहायचो. अकरा दिवस आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मधल्या रविवारी मी आणि बायको जेवायला गेलो नाही. बोलावणं रद्द झालं नव्हतं, आणि त्याची आठवणही कुणी केली नाही.

दर संध्याकाळी तपासणीचा कागद भिंतीवर लागायचा. चाळीस ठीक. नव्वद ठीक. दोनशे. झाकणाखालच्या पिना सोडून सगळं, अगदी शेवटच्या बोल्टपर्यंत, बरोबर. कुठे बोट ठेवायला जागा नाही. लोक माझ्याकडे बघायचे आणि दुसरीकडे बघायचे. मोजणीबाईंनी तेवढं तोंडावर म्हटलं, “एवढं चांगलं काम होतं हो. नुसतं बघितलं असतंत तरी कौतुक करता आलं असतं.”

बाराव्या दिवशी सकाळी वर स्थानकातून एक बाई बाहेर पडली, अंगावर तो फुगीर पोशाख, पाठीला दोर. ती त्या पलीकडच्या देशाची, ज्यांच्या पिना होत्या. अख्खा कारखाना मोठ्या पडद्यासमोर उभा होता. व्याहीही आले होते आणि गर्दीत नेमके माझ्या शेजारी येऊन ठेपले. तिने झाकण सोडलं. आमचं कडं चार महिन्यांनी उजेडात आलं आणि पहिल्याच नजरेत आम्हा सगळ्यांना दिसली: डावीकडे, खालून तिसऱ्या खिट्टीत पिन, आणि तिची लाल फीत ताठ, न हलता बाहेर आलेली. वर वारा नसतो.

कुणीतरी श्वास ओढला. बाईने हात घातला. जाड हातमोज्यात ती पिन धरायला तिला बराच वेळ लागला. दोनदा बोटं सरकली. तिसऱ्यांदा तिने ती ओढून काढली, दोरीला अडकवली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. सगळ्या चौकोनांत टाळ्या सुरू झाल्या. आमच्याकडेही. साहेबांनी डोळे टिपले. डबा दुपारी जोडला जाणार होता, इंधन उरलं होतं, सहा माणसं सुरक्षित होती. टाळ्या वाजवायला कारण होतं.

व्याही टाळ्या वाजवत नव्हते. मान पुढे काढून पडद्याकडे बघत होते.

“कुठे आहे?” त्यांनी विचारलं. बारा दिवसांतला पहिला शब्द.

“तिच्या हातात. ती काय, लाल.”

“कुठे?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. पडदा भिंतभर होता. मधोमध पांढरा हातमोजा, त्यात हातभर मोठी दिसणारी लाल फीत. त्यांचे डोळे तिच्या आसपास फिरत होते आणि तिच्यावर थांबत नव्हते. इतक्या जवळून मी तो चेहरा दहा महिन्यांत पाहिला नव्हता. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर दुधाची साय धरल्यासारखं काहीतरी होतं.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“दोनेक वर्षं. उजवा. आता डावाही धरायला लागलाय.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “बोल्टला डोळे लागत नाहीत, हाताला कळतो. पिनाही मी हातानेच मोजल्या होत्या. एक राहिली असेल तर मागून तुम्ही बोलाल, असं धरून चाललो. एरवी बोलायचातच की.”

टाळ्या चालूच होत्या.  माणसाचा मान ठेवायचा म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं होतं, आणि तो माणूस माझ्या भरवशावर अंधारात काम करत होता.

“सूनबाईला सांगू नका,” ते म्हणाले. “मुलालाही. दोन महिने निघून जातील. सोळा झाल्या आता. कोणाला काय करायचंय?” आणि मग, अगदी अजीजीने, “एवढं ठेवाल ना? व्याही म्हणून?”

तोंडावर ‘हो’ आलं होतं. सवयीचं होतं ते.

“नाही,” मी म्हणालो. “सांगणार.”

“माझं ऐका हो—”

“आत्ता सांगणार. तुमच्या समोर.”

मी खिशातून फोन काढला आणि मुलीचा नंबर लावला.  घंटा वाजत होती. मी दुसरीकडे न बघता, त्यांच्याकडे तोंड करून, ती फोन उचलायची वाट बघत उभा राहिलो.